सोन्याचे कण पेशीपटलावर गोळा का होतात? लाल रंग निळा होण्यामागची गोष्ट

अबोली

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात पीएचडी करते. सोन्याचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, मेदाच्या पटलावर जाऊन बसले की पुढे काय होतं, हा माझा विषय. गेले चार महिने एकाच प्रश्नाने मला घेरलंय. घरी कुणाला समजावून सांगायला गेले की दोन मिनिटांत विषय लग्नावर जातो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सोन्याचे नॅनोकण पाण्यात असले की ते पाणी पिवळं दिसत नाही. कणांचा व्यास साधारण १५ नॅनोमीटर असेल तर डाळिंबाच्या रसासारखा लाल रंग येतो. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) मायकेल फॅरेडेने १८५७ साली रॉयल सोसायटीपुढे याच लाल सोन्यावर व्याख्यान दिलं होतं. त्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत.

आम्ही कण बनवतो ते टर्केविचच्या १९५१ च्या पद्धतीने. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळायचं, त्यात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) टाकायचं आणि बघत उभं राहायचं. आधी पिवळेपणा जातो, मग पाणी राखाडी-निळसर काळवंडतं आणि त्या काळवंडीतून लाल रंग वर येतो. शंभर वेळा पाहिलं तरी मी त्या क्षणी हातातलं काम थांबवते.

प्रत्येक कणावर सायट्रेटचं ऋणभारित अस्तर असतं. सगळ्यांवर सारखाच भार, त्यामुळे कण एकमेकांना लांब ठेवतात. पाण्यात थोडं मीठ पडलं की भाराचा धाक संपतो, कण एकमेकांना चिकटतात आणि लाल पाणी निळं होतं. एकटा कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून आपल्याला लाल दिसतो. कण अगदी जवळ आले की त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनांचे झोके एकमेकांत गुंततात, शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं आणि पाणी निळं दिसू लागतं. म्हणजे कण सुटे आहेत की एकत्र, हे डोळ्यांनीच कळतं.

आता मूळ गोष्ट. मी दोन प्रकारचे लायपोसोम बनवले. लायपोसोम म्हणजे मेदाच्या दुहेरी थराचे पोकळ फुगे, माझे साधारण १०० नॅनोमीटरचे. एक पीओपीसी या मेदाचे, दुसरे डीपीपीसीचे. दोन्ही नळ्यांत सारखंच लाल सोनं टाकलं. पीओपीसीची नळी काही मिनिटांत जांभळी आणि मग निळसर झाली. डीपीपीसीची नळी संध्याकाळपर्यंत लालच राहिली.

मला वाटलं कुठूनतरी मीठ शिरलं. सगळं ओतून दिलं, काचेची भांडी अम्लराजाने (सोनंही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लमिश्रणाने) धुतली, नवं पाणी आणि नवा मेद घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की यात माझी चूक नाही, हे पटलच घडवतंय.

गंमत अशी की या दोन्ही मेदांच्या रेणूंचं पाण्याकडचं डोकं एकच आहे, फॉस्फोकोलिन. सोन्याच्या कणाला बाहेरून दोन्ही फुगे सारखेच दिसणार. फरक आहे तो आत दडलेल्या शेपट्यांचा. पीओपीसी उणे २ अंशालाच वितळतं आणि डीपीपीसीला ४१ अंश लागतात. म्हणजे माझ्या खोलीत एक उन्हाळ्यातल्या तुपासारखं पातळ आणि दुसरं थंडीतल्या तुपासारखं थिजलेलं.

कणाला पृष्ठभाग तोच दिसतो, तरी वागणूक वेगळी. आपण सगळे कणाबद्दलच बोलतो, त्याचा आकार काय, भार काय, अस्तर काय. पण कण एकत्र यायचे की नाही हे इथे पटलाचा मऊपणा ठरवतोय, असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

शाळामास्तर

ताई, मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. पुस्तकात पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीची एक रेघ असते. मुलं ती पेन्सिलीने गिरवतात आणि संपलं. तिची जाडी किती आणि तिच्यापुढे तुमचा कण केवढा, हे आधी सांगाल का? त्याशिवाय चित्र डोळ्यांपुढे येत नाही.

अबोली

मास्तर, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

पटलाची जाडी ४ ते ५ नॅनोमीटर. मेदाच्या रेणूंचे दोन थर असतात, पाणी आवडणारी डोकी बाहेर आणि पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत, एकमेकींसमोर. १९२५ साली हॉलंडमधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला सगळा मेद काढून पाण्यावर एकेरी थरात पसरला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणजे थर दोन. इतक्या साध्या मोजणीतून एवढी मोठी गोष्ट कळली, याचं मला फार अप्रूप आहे. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी हे पटल द्रवासारखं वाहतं असतं आणि त्यात प्रथिनं तरंगतात, हे चित्र मांडलं.

माझा कण १५ नॅनोमीटरचा, म्हणजे पटलाच्या जाडीच्या तिप्पट. भिंतीवर माशी बसावी तसं हे नाही. गोधडीवर मोसंबं ठेवावं तसं आहे. गोधडी मऊ असेल तर मोसंबं रुतणार, आणि गोधडीला खळ घालून कडक केलं तर ते नुसतं टेकून राहणार.

गणितवेडा

गोधडी छान. पण रुतायला किती खर्च येतो याचं गणित त्याहून सुंदर आहे, आणि ते मास्तरांच्या हुशार मुलांनाही जमेल.

पटल वाकवायला ऊर्जा लागते. हेल्फ्रिशने १९७३ साली याचं सूत्र दिलं. पातळ अवस्थेतल्या मेदपटलाची वाकण्याची कणखरता साधारण २० केटी असते. (केटी म्हणजे उष्णतेमुळे रेणूंना सतत जो धक्का बसतो त्याच्या ऊर्जेचं माप.) गोल कण पूर्ण गुंडाळायचा तर खर्च होतो ८ गुणिले पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले ही कणखरता. हिशेब केला तर सुमारे ५०० केटी.

आता नीट बघा, या सूत्रात कणाची त्रिज्या कुठेच नाही. कण लहान असो वा मोठा, वाकवण्याचा खर्च तोच. लहान कणावर बाक जास्त पण क्षेत्रफळ कमी, मोठ्यावर बाक कमी पण क्षेत्रफळ जास्त, आणि दोन्ही एकमेकांना तंतोतंत छेदतात. मिळकत मात्र चिकटण्यातून येते आणि ती क्षेत्रफळाबरोबर वाढते. १५ नॅनोमीटर व्यासाच्या कणाचं क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस नॅनोमीटर. त्याला ५०० केटी भरून काढायला दर चौरस नॅनोमीटरमागे ०.७ केटी मिळायला हवेत. ५० नॅनोमीटरच्या कणाचं क्षेत्रफळ सुमारे ७८५० चौरस नॅनोमीटर, त्याला ०.०६ पुरतात. अकरा पटींचा फरक!

म्हणून लहान कणाला एकट्याने गुंडाळून घेणं परवडत नाही. आणि डीपीपीसीसारख्या थिजलेल्या पटलाची कणखरता साधारण दसपट, म्हणजे तिथे खर्च काही हजार केटींवर जातो. अबोली, तुमची लाल नळी मला यातूनच समजते.

दूरदेशी

मी जर्मनीत याच्याच शेजारच्या विषयावर काम करतो. गणितवेडा यांच्या हिशेबाला प्रयोगाची जोड देतो. २००६ साली टोरांटोच्या एका गटाने १४ ते १०० नॅनोमीटरचे सोन्याचे कण हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशींना) दिले. पेशींनी सर्वांत जास्त घेतले ते ५० नॅनोमीटरचे. लहानांना गुंडाळणं महाग पडतं. फार मोठ्यांभोवती पेशीला जास्त ग्राही प्रथिनं (कणाला धरून ठेवणारी पटलावरची प्रथिनं) गोळा करावी लागतात, त्यात वेळ जातो आणि साठा अपुरा पडतो. मधला आकार सगळ्यांत सोयीचा.

शाळामास्तर

मग एकत्र येण्याचं कारण मी असं सांगू का? आमच्याकडे सुंभाची जुनी बाज होती. तिच्यावर दोन पोरं दोन टोकांना झोपली तरी सकाळी मधल्या खोलगटात एकमेकांच्या अंगावर सापडायची. पटल म्हणजे बाज, कण म्हणजे पोरं. प्रत्येकाने खळगा केला, खळगे एकमेकांत उतरले आणि कण एकत्र आले.

दूरदेशी

मास्तर, उपमा मनात बसणारी आहे, म्हणूनच ती कुठे थांबते हे सांगायला हवं, नाहीतर मुलं चुकीचं कारण घेऊन पुढे जातील.

बाजेवर पोरांना पृथ्वी खाली ओढते. एवढ्या लहान कणांच्या जगात गुरुत्वाकर्षण नगण्य असतं. तिथे खळगा पडतो तो कण पटलाला चिकटतो म्हणून. आणि ताण नसलेल्या पटलावर एकाच बाजूने दोन उथळ खळगे पाडले तर ते एकमेकांना ढकलतात! १९९३ साली गूलियन, ब्रुइन्स्मा आणि पिंकस यांनी हे दाखवलं. दोन खळग्यांमधल्या पटलाला दोन्हीकडून उलटसुलट वळावं लागतं, ते महागात पडतं, म्हणून लांब राहणं बरं. बाजेवर असं कधीच होत नाही.

मग कण एकत्र येतात कधी? खळगा खोल झाला, कण बऱ्यापैकी गुंडाळला गेला की चित्र पालटतं. २०१६ साली मोठ्या लायपोसोमांवर सूक्ष्मदर्शकाखाली हे मोजलं गेलं. तिथले कण मायक्रोमीटरच्या आकाराचे होते. पटलाला न वाकवणारे कण एकमेकांची दखलही घेत नव्हते आणि गुंडाळले गेलेले कण एकमेकांकडे ओढले जात होते. ओढ केटीच्या साधारण तिप्पट, आणि ती कणाच्या व्यासाच्या अडीच पट अंतरापर्यंत जाणवत होती. हे काम लायडनचं, जिथे १९२५ साली दोन थर मोजले गेले तेच लायडन.

२०१२ साली दोन वेगवेगळ्या गटांनी संगणकावर आणखी एक नवलाची गोष्ट पाहिली. कण पुरेसे चिकट असले की पटल त्यांना एकेकटं गुंडाळत नाही. पटलाची एक बारीक नळी आत खेचली जाते आणि कण तिच्यात शेंगेतल्या दाण्यांसारखे रांगेने बसतात. एकट्याला जे परवडत नाही ते रांगेत परवडतं.

शाळामास्तर

शेंग! बाज सोडली, शेंग घेतली. आणि ढकलण्याची गोष्टही मुलांना सांगणार. कुठली उपमा कुठवर न्यायची, हेही शिकवायलाच हवं.

अबोली

दूरदेशी, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मी स्वतः आतापर्यंत "वाकलेलं पटल कणांना जवळ आणतं" एवढंच म्हणत होते आणि ते अर्धवट होतं.

पण माझ्या नळीतला निळा रंग नुसत्या वाकण्याने पूर्ण समजत नाही. निळं दिसायला कणांच्या पृष्ठभागांमध्ये अगदी थोडं अंतर राहावं लागतं. तेवढ्या जवळ यायला सायट्रेटचं अस्तर आड येतं. मग ते अस्तर जातं कुठे?

इटलीत फ्लॉरेन्सच्या गटाने यावर बरंच काम केलंय. त्यातून पुढे आलेलं चित्र असं. सायट्रेट सोन्याला फार घट्ट धरून नसतं. कण मऊ पटलावर बसला की पटल त्याला अंशतः कवेत घेतं. जिथे जिथे पटल टेकतं तिथून सायट्रेट सुटून पाण्यात जातं. जेवढी मिठी मोठी, तेवढं अस्तर जास्त गळणार. अस्तर गळालेले शेजारी कण मग एकमेकांना अडवू शकत नाहीत. थिजलेल्या पटलावर कण फक्त टेकतो, अस्तर शाबूत राहतं, कण सुटे राहतात आणि पाणी लाल राहतं.

म्हणजे पटल इथे दोन कामं करतं. ते कणांना बसायला जागा देतं आणि त्यांच्या अंगावरचं संरक्षणही उतरवतं. दुसऱ्या कामाकडे माझं लक्षच नव्हतं.

आणि मऊपणा जितका जास्त तितका निळा गडद, म्हणून याच रंगाचा उपयोग करून नॅनोमीटरच्या फुग्यांचा कडकपणा मोजता येतो. त्या गटाने २०२१ मध्ये तशी मोजपट्टी मांडली. एरवी एवढ्याशा फुग्याचा कडकपणा मोजायला महागडं अणुबल सूक्ष्मदर्शक लागतं. आमच्याकडे त्याची पाळी यायला तीन आठवडे जातात, रंग पाच मिनिटांत कळतो.

कृष्णाकाठ

मी मिरजेत रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. तुमच्या नळीत शुद्ध पाणी आणि शुद्ध मेद आहे. आमच्याकडे येतं ते रक्त, त्यात प्रथिनांचा चिखल असतो. तिथेही असंच होईल का? तांबड्या पेशींवर कण बसले तर पेशी फुटतात का, हेही जाणून घ्यायचंय.

अबोली

अगदी मर्मावर बोट ठेवलंत. मी सोन्याच्या एका नळीत आधी थोडं सिरम (रक्त गोठल्यावर उरणारा प्रथिनयुक्त द्रव) घातलं आणि मग पीओपीसी. पाणी लालच राहिलं. सिरममधली प्रथिनं क्षणार्धात कणांवर बसतात, त्या थराला प्रोटीन करोना म्हणतात. २००७ पासून या विषयावर लिखाणाचा पूर आहे. रक्तात शिरलेल्या कणाला पेशी भेटते ती हा अंगरखा घातल्यावरच. बाटलीतला कण आणि रक्तातला कण हे दोन वेगळे कण समजावेत, इतका फरक पडतो.

पण याचाही उपयोग झाला. पेशी स्वतः बारीक पुटिका, म्हणजे मेदपटलाच्या पिशव्या, बाहेर सोडतात. त्यांवर संशोधन करणाऱ्यांना नमुन्यात सुटी प्रथिनं उरली आहेत का हे तपासायचं असतं. २०१५ साली इटलीतल्या ब्रेशियाच्या संशोधकांनी लाल सोनंच वापरलं. पाणी निळं झालं तर नमुना स्वच्छ, लाल राहिलं तर प्रथिनांची भेसळ आहे.

तांबड्या पेशींबद्दल २०११ चा एक अभ्यास मला आठवतो, सच्छिद्र सिलिकाच्या कणांचा. सुमारे १०० नॅनोमीटरचे कण पेशीवर बसले पण तिचा आकार फारसा बिघडला नाही. सुमारे ६०० नॅनोमीटरच्या कणांनी मात्र पटल ओढून घेतलं, पेशीला काटे आले, कण आत ओढले गेले आणि पुढे पेशी फुटल्या. मोठ्या कणाला गुंडाळणं स्वस्त, हा गणितवेडा यांचा हिशेब इथे पेशीच्या मुळावर येतो. तिचं पटलच कणांभोवती खर्च होतं.

गडनदी

सिलिका हा शब्द वाचून राहवलं नाही. मी शास्त्रातला नाही, सिंधुदुर्गातला आहे. आमच्याकडे सिलिका वाळूच्या खाणी आहेत. माझे काका चौदा वर्षं वाळूच्या चाळणीवर होते. तोंडाला रुमाल, एवढंच. नंतर दम लागायला लागला. दोनदा क्षयाची औषधं झाली, उतार पडला नाही. शेवटी एका डॉक्टरांनी फोटो बघून कामाचं विचारलं आणि सिलिकोसिस सांगितला. काका बावन्नाव्या वर्षी गेले. तुम्ही लिहिताय ते कण आणि काकांच्या छातीतली धूळ यांचा काही संबंध आहे का? मला खरंच समजून घ्यायचंय.

अबोली

गडनदी, काकांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. संबंध आहे, आणि तो थेट पटलाशी आहे.

फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचणारी धूळ काही मायक्रोमीटरची किंवा त्याहून बारीक असते. नॅनोकणांपेक्षा बरीच मोठी, पण घडतं ते पटलावरच. फुफ्फुसात भक्षक पेशी असतात, त्या धुळीचा कण गिळतात. गिळलेला कण पेशीच्या आत लायसोसोम नावाच्या पिशवीत जातो. त्या पिशवीलाही असंच मेदाचं पटल असतं. स्फटिकी सिलिका त्या पटलाला इजा करते, पिशवी फाटते, आतले पाचक रस पेशीत सांडतात. तिथून दाहाची साखळी कशी सुरू होते हे २००८ साली सविस्तर दाखवलं गेलं. पेशी मरते, पण कणाला काहीच होत नाही. तो मोकळा होतो आणि पुढची पेशी त्याला गिळते. वर्षानुवर्षं हेच चालतं आणि फुफ्फुसात वण साठत जातात. वाळूपासून लांब गेल्यावरही आजार वाढू शकतो तो यामुळे.

सगळी सिलिका सारखी घातक का नसते, याचं उत्तरही पृष्ठभागात आहे. सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल नावाचे गट असतात. २०२० साली बेल्जियम आणि इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की त्यातले एकमेकांपासून जवळजवळ सुटे असलेले, ठरावीक अंतरावरचे गट पटलाला इजा करतात. स्फटिक फोडला की असे गट उघडे पडतात. म्हणून ताजी फोडलेली धूळ जुन्या धुळीपेक्षा वाईट.

कृष्णाकाठ

आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण हे कुणा कामगाराच्या घरचे वाचत असतील. सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो, म्हणून दोन्हींची गल्लत होते आणि कधी दोन्ही एकत्रही असतात. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण काय काम करतो, किती वर्षं करतो, हे न विचारता सांगा. आणि रुमालाने ही धूळ अडत नाही. धूळ उडण्याआधी पाणी मारणं, यंत्राला आच्छादन आणि धूळ खेचणारा पंखा, हे मालकाने करायचं काम आहे. आजार झाल्यावर तो मागे फिरवणारं औषध नाही.

आमच्या देशावरचा काळा दगड बेसॉल्ट आहे, त्यात मोकळं क्वार्ट्झ फार कमी असतं. त्यामुळे "आमच्या खडीवाल्यांना तर एवढं होत नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सिलिका वाळूची गोष्ट निराळी आहे.

गडनदी

काका म्हणायचे, "वाळू पोटात गेली की पचता, छातीत गेली की ऱ्हवता." आज कळलं का राहते ते. काकांच्या बरोबरीचे तिघं अजून आहेत. त्यांच्या मुलांना हा धागा दाखवतो.

औषधीवन

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे. सुवर्णभस्माबद्दल विचारतो. त्यातले कण नॅनो आकाराचे असतात असं हल्ली सांगतात. मग तेही पेशीपटलावर असेच बसत असतील, असं म्हणता येईल का?

अबोली

वैद्यबुवा, २००७ साली सुवर्णभस्माचं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात सोन्याचे कण सरासरी ५६-५७ नॅनोमीटरचे आढळले होते. आकार तसा मोक्याचा. पण "नॅनो" म्हटलं की सगळं सारखं, हे मी मान्य करणार नाही. माझे कण पाण्यात सुटे राहतात ते सायट्रेटमुळे. भस्मातले कण गठ्ठ्याने असतात, त्यांच्यावर काय बसलंय हे तयार करण्याच्या पद्धतीवर ठरतं, आणि मधातुपातून पोटात गेल्यावर त्यांच्यावर आणखी थर चढणार. त्यामुळे माझ्या नळीतला निळा रंग दाखवून भस्म काम करतं किंवा करत नाही, दोन्ही म्हणता येणार नाही. तसं कुणी म्हणालं तर त्यांना थांबवा, अशी माझी विनंती.

औषधीवन

पटलं. स्पष्ट उत्तर दिलंत, आभार.

शाळामास्तर

करोनाच्या लशीतही मेदाचे नॅनोकण होते ना? ते पटल फाडत नाहीत का?

दूरदेशी

उघडतात, पण जागा बघून, आणि तीच त्यांची करामत. ते कण साधारण १०० नॅनोमीटरचे. पेशी त्यांना गिळते आणि एका पिशवीत ठेवते. पिशवीतली आम्लता वाढत जाते. कणात एक खास मेद असतो, तो रक्तात जवळजवळ भाररहित असतो आणि आम्लात धनभारित होतो. मग तो पिशवीच्या ऋणभारित मेदांना धरतो, दोघं मिळून दुहेरी थर टिकूच न देणारी रचना करतात, पटल तिथे उघडतं आणि एमआरएनए बाहेर पडतो. यात वाया फार जातं. २०१३ साली याच जातीच्या कणांवर मोजणी झाली, तेव्हा आतला आरएनए जेमतेम १ ते २ टक्के बाहेर पडताना दिसला. बाकीचा पिशवीतच संपतो. तेवढ्यावरही काम होतं!

पुणेकरांसाठी सांगतो, पुण्याच्या जेनोव्हाच्या एमआरएनए लशीला २०२२ साली भारतात मंजुरी मिळाली. ती २ ते ८ अंशांना, साध्या शीतपेटीत ठेवता येते.

गणितवेडा

अबोली, एक प्रयोग सुचवतो. तुमचा मुद्दा खरा असेल तर मेद न बदलता फक्त मऊपणा बदलून रंग बदलायला हवा. डीपीपीसीचीच नळी ४१ अंशांच्या वर नेऊन त्यात सोनं टाका. डोकं तेच, शेपूट तीच, फक्त तूप वितळलेलं. सोबत नुसत्या सोन्याची एक नळी त्याच तापमानाला ठेवा, म्हणजे उष्णतेनेच कण चिकटले अशी शंका उरणार नाही.

अबोली

हे मी का केलं नाही, कळत नाही. उद्याच करते.

अबोली

नऊ दिवसांनी येतेय. आधी नळ्या तापवायची पाण्याची टाकी बिघडली होती, मग मेद संपला.

तीन नळ्या केल्या. पहिलीत नुसतं सोनं, ४८ अंशांना. दुसरीत डीपीपीसी आणि सोनं, २५ अंशांना. तिसरीत डीपीपीसी आधी ४८ अंशांना नेऊन ठेवलं, त्यात त्याच तापमानाचं सोनं टाकलं. पहिली दोन तास लाल, दुसरीही लाल. तिसरी टाकीतच माझ्यासमोर जांभळी झाली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

मग तिसरी नळी हळूहळू २५ अंशांवर आणली. मला वाटलं पटल पुन्हा थिजेल आणि कण सुटतील. रात्रभर ठेवली. सकाळी जांभळीच होती. पटल थिजलं असणार, पण गळालेलं सायट्रेट परत चढलं नाही, असं मला वाटतं.

आता पुढचा प्रश्न कोलेस्टेरॉलचा आहे. ते थिजलेल्या पटलाला सैल करतं आणि पातळ पटलाला आवळतं, आणि आपल्या पेशींच्या बाहेरच्या पटलात ते भरपूर असतं. पीओपीसीत १०, २०, ३० आणि ४० टक्के घालून चार नळ्या उद्या लावतेय. गणितवेडा, कुठल्या टक्क्याला रंग बदलायचा थांबेल, तुमचा अंदाज आधी इथे लिहून ठेवा.

गणितवेडा

३०. कारण उद्या नळ्या लागल्यावर लिहितो.